नाव बुडवायला लागेल

चौफुल्याच्या चौकात मी सकाळी सव्वासातला उतरले तेव्हा पारगावकडे जाणारी जीप समोरच उभी होती. ड्रायव्हर म्हणाला, "बसा ताई, निघालोच." मी बसले. आठ वाजता मी तिथेच बसलेली होते. जीप भरायला अकरा माणसं लागतात, आणि अकरावा माणूस आला की ड्रायव्हरला चहाची आठवण होते, हे मला त्या दिवशी कळलं.

मी भांडगावची. वडील एका कंपनीत हेल्पर आहेत, आई झेंडूच्या तोडणीला जाते. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. त्यामुळे कॉलेजनं कुठे जायला सांगितलं की घरी कुणी 'कशाला' असं विचारत नाही, नुसता डबा भरून देतात. दौंडच्या कॉलेजात मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. आमच्या सरांनी प्रत्येकाला एकेका गावाचा वारसा पाहून लिहून आणायला सांगितला होता. माझ्या वाट्याला आलं भीमेच्या पल्याडचं, शिरूर तालुक्यातलं, वडगाव रासाईच्या पुढचं एक गाव. पूल होण्याआधी दोन्ही काठांची माणसं, शेरडं, लग्नाची वऱ्हाडं तिथून नावेनं ये-जा करत. त्या गावानं यंदा पहिल्यांदाच 'नाव महोत्सव' भरवला होता. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. कारण शेवटी सांगते.

नकाशावर भांडगाव आणि ते गाव यांच्यात बोटाच्या दोन पेरांचं अंतर आहे. पण मधे नदी आहे. म्हणून आधी रिक्षा, मग जीप, मग पूल, आणि पुलापलीकडे जे मिळेल ते.

जीपमध्ये बसून करण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा मी पहिल्या भेटीची टिपणं वाचत बसले. दोन आठवड्यांपूर्वी मी त्या गावाला एकदा जाऊन आले होते. तेव्हा गेनू आबा भेटले होते. वय पंचाहत्तरच्या पुढे, खांदे अजून रुंद, उजवा हात मात्र वर जात नाही. घाटावरची शेवटची नाव त्यांची. पुलानंतर प्रवासी गेले, तरी पलीकडच्या काठावर ज्यांची शेतं आहेत त्यांना आणि त्यांच्या वैरणीला आबा ने-आण करत. खांदा गेला तेव्हा सहा वर्षांपूर्वी नाव काठावर ओढली आणि लिंबाखाली उपडी घातली. दर उन्हाळ्यात तिला डांबर लावत राहिले.

"महोत्सवाला तिला पाण्यात घालणार म्हनत्यात," आबा म्हणाले होते. "घाला की. माझी बी तीच इच्छा हाय, एकदा पल्याड जाऊन माघारी यावी. पर कोरडी नाव अशी सोडत न्हाईत. लाकूड वाळलंय, फळ्यांत फटी पडल्यात. आधी बुडवायला लागती."

"बुडवायची?" मी घाबरून विचारलं.

"व्हय. काठाशी, कमरंएवढ्या पान्यात. वर दगुड ठिवायचं, पाच-सा दिस तशीच ऱ्हाऊ द्यायची. लाकूड पानी पितं, फुगतं, फटी आपसूक मिटत्यात. मग उपसायची. समितीला मी दोनदा सांगितलं, कोन ऐकत न्हाई. तू शिकल्याली हाईस. तू लिवून टाक. लिवल्यालं मानत्यात लोक."

समितीचे अध्यक्ष तात्या. त्यांनी मला त्याच दिवशी महोत्सवाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये घेतलं होतं, 'कॉलेजतर्फे माहिती' लिहून द्यायला. मी परतीच्या जीपमध्ये, दोन माणसांच्या मधे दाबून बसलेली असताना, लिहिलं: 'गेनू आबा म्हणतात, महोत्सवाआधी पाच-सहा दिवस नाव बुडवायला लागेल. नाहीतर कार्यक्रम नीट होणार नाही.'

त्यावर उत्तर आलं नाही. संध्याकाळी कुणीतरी लिहिलं, 'गावाचं नाव बुडवण्याचा विचार कुणी स्वप्नातही करू नये.' दुसऱ्यानं लिहिलं, 'निषेध.' गावात काहीतरी भांडण असेल, आपण त्यात पडू नये, असं मला वाटलं. त्यानंतर ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येऊ लागलं. सकाळच्या फुलांचे फोटो बंद व्हावेत म्हणून केलं असेल, असं मी समजले. मी इतकी भोळी का आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

साडेआठला जीप निघाली. पारगावच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. ट्रॉलीतून ऊस दोन्ही बाजूंना इतका बाहेर आलेला की त्याला ओलांडणं शक्यच नव्हतं. गुऱ्हाळांवरून काकवीचा (गूळ होण्याआधीचा घट्ट रस) वास येत होता. पोटात काही नसताना तो वास छान वाटत नाही. पुलावर आलो तेव्हा खाली नदी शोधावी लागली. काठापासून काठापर्यंत हिरवीगार जलपर्णी. शेजारची बाई म्हणाली, "लांबनं शेतावानी दिसती, न्हाई?" मला नदीच बघायची होती, पण मी हो म्हटलं.

पुलापलीकडे पुढची गाडी नव्हती. अर्ध्या तासानं दुधाचा टेंपो आला. दोन कॅनांच्या मधे उभं राहून, एक हात दोरीला आणि एक हात प्रकल्पाच्या वहीला धरून, मी सव्वादहाला त्या गावात पोचले. एका कॅनचं झाकण सैल होतं. माझा ड्रेस गुडघ्यापर्यंत दुधानं भिजला होता, आणि पुढचा सगळा दिवस माझ्यामागून गावातली दोन कुत्री फिरत होती.

कमानीवर मोठा फ्लेक्स होता. त्यावर मी मोजायला लागले आणि तीस चेहऱ्यांनंतर सोडून दिलं. मधोमध नावेचं चित्र होतं. नारळाच्या झाडांतून चाललेली, वर झापांचं छप्पर, आत खुर्च्या. भीमेवर अशी नाव कुणी आजवर बघितली नसेल. गेनू आबांचा फोटो कुठेच नव्हता.

खरी नाव घाटावर ट्रॉलीवर ठेवली होती. मी ती ओळखलीच नाही. दोन आठवड्यांपूर्वी काळीभोर असलेली नाव आता भगवी आणि निळी होती, ऑइलपेंटनं इतकी चकचकीत की माझा चेहरा दिसत होता. झेंडूच्या माळा, पुढच्या टोकाला एलईडीची पट्टी. डांबरावर रंग बसत नाही म्हणून दोन दिवस ग्राइंडर लावून डांबर खरवडून काढलं, असं रंगवणाऱ्यानं अभिमानानं सांगितलं. मी खाली वाकून बघितलं. दोन फळ्यांच्या फटीतून पलीकडचं ऊन दिसत होतं.

"ही पाण्यात बुडवून ठेवली नव्हती का?" मी विचारलं.

रंगवणारा माझ्याकडे असा बघत राहिला की मी वही उघडून काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

आबा घाटावर नव्हते. मी त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे घाटाच्या वरच्या अंगाला दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. आबा पडवीत जाळं विणत बसले होते. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुढची गाठ मारायला लागले. त्यांची सून, सुमनवहिनी, मला आत चुलीपाशी घेऊन गेली.

"मनीषाताई, तुमी त्या ग्रुपवर काय लिवलं व्हतं?" तिनं हळूच विचारलं.

मी मोबाईल दाखवला. तिनं दोनदा वाचलं आणि तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय, मला समजेना.

"अवो, त्याच राती तात्या हितं आलं. तरातरा. दारातनंच म्हनलं, 'आबा, नाव बुडवायचं हाय व्हय तुमाला?' आमचं मामंजी म्हनलं, 'व्हय. त्याबिगर भागत न्हाई.' तात्या म्हनलं, 'गावानं तुमचं काय वाईट केलंय?' मामंजी म्हनलं, 'गावाचा काय संबंध? पाच दिस बुडवू, मंग बगा कशी वर येती.' तात्यांचा चेहरा असा लाल झाला! म्हनलं, 'बुडवूनच दाखवा. म्हातारपनी ह्ये सुचलं तुमाला.' आन् गेलं. मामंजींना वाटलं, परवानगी दिली. दुसऱ्या दिशी नावंपाशी गेलं, तर चार जनांनी हाताला धरून माघारी आनलं. तवापासनं कुनाशी बोलत न्हाईत."

काय झालं होतं ते मला कळायला थोडा वेळ लागला. आबा नदीत बुडवायच्या नावेबद्दल बोलत होते. तात्या गावाच्या नावाबद्दल. आणि या दोघांच्या मधे माझं एक वाक्य होतं. मी मराठीची विद्यार्थिनी आहे. पाण्यातली नाव स्त्रीलिंगी, गावाचं नाव नपुंसकलिंगी, हे मला सातवीपासून माहीत आहे. 'नाव बुडवावी लागेल' असं लिहिलं असतं तर एका वेलांटीनं सगळं मिटलं असतं. मी लिहिलं 'बुडवायला लागेल.' ते दोन्हीकडे चालतं.

वहिनीनं ज्वारीची भाकरी आणि चिलापीचं (इथल्या धरणा-बंधाऱ्यांतला मासा) कालवण वाढलं. कालवण लालभडक आणि तिखट होतं, लसणाचा वास घरभर. इतकं चांगलं जेवण इतक्या वाईट मनानं मी कधी जेवले नव्हते.

"तात्यांना सांगते मी," मी म्हणाले.

"आज तरी सांगा बया," वहिनी म्हणाली. "नाव आज समद्यांच्या म्होरं बुडली, तर सोमवारी चौकात न्हेऊन बसवनार हायेत. चालली तर पान्यात, न्हाई तर चौकात शोभंला, असं समितीनं आदीच ठरीवलंय; कट्टा बांधून तयार हाय. खाली भोकं पाडायची आन् बोल्ट मारायचं. एकदा भोकं पडली की झालं. मामंजी त्येच धरून बसल्यात."

चौकातून येताना मी तो कट्टा पाहिला होता. ताजं सिमेंट, चार कोपऱ्यांत वर आलेल्या लोखंडी सळया. कशासाठी ते तेव्हा कळलं नव्हतं.

तात्यांना गाठायला मी अकरापासून त्यांच्यामागे फिरत होते. तात्या उंच, पांढऱ्या कपड्यांतले, दोन मोबाईलवाले. वाईट माणूस नाही. महिनाभर त्यांनी या एका दिवसासाठी जिवाचं रान केलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांखाली दिसत होतं. पण त्यांच्याशी एक पूर्ण वाक्य बोलणं कुणालाही शक्य नव्हतं.

"तात्या, ते नावेचं…"

"थांब बाळा. हॅलो! हां, कुठवर आलं? शिक्रापूर? आजून शिक्रापूर?"

प्रमुख पाहुणे शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत अडकले होते. माईकवरचा माणूस दर दहा मिनिटांनी सांगत होता, "पाहुणे शिक्रापूरपर्यंत पोहोचलेले आहेत." बारा वाजता पोहोचलेले आहेत. साडेबारा वाजता पोहोचलेले आहेत. एक वाजता मागे बसलेले एक आप्पा मोठ्यानं म्हणाले, "शिक्रापुरात खोली घेतली का काय भाड्यानं?" सगळा मंडप हसला. तोवर लहानमोठ्या सत्तावीस जणांना शाल आणि नारळ देऊन झाले होते. त्यात मंडपवाला होता, डीजेवाला होता, ऑइलपेंटवाला होता. आबा नव्हते.

"तात्या, आबांचं म्हणणं वेगळं होतं…"

"आबांचं नाव काढू नको बाळा आज. डोस्कं उठतं माझं." मग ते थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना काहीतरी सुचलं. "तू कॉलेजची ना? पाहुनं येईपर्यंत बोल दोन मिंटं. ही घे माहिती. वाच."

त्यांनी मला स्टेजवर ढकललं. हातात माईक आला. समोर चारशे-पाचशे माणसं, मंडपाच्या कडेला पडवीतून उठून आलेले गेनू आबा, त्यांच्या मागे वहिनी. ती माझ्याकडे बघून मान हलवत होती, 'सांगा, सांगा.'

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. मी कधीच माईक धरला नव्हता. आमच्या घरातल्या कुणीच धरला नव्हता. मी कागद उघडला आणि वाचलं. "आपल्या गावाला नौकानयनाची थोर परंपरा लाभली आहे…" शेवटपर्यंत वाचलं. टाळ्या पडल्या. खाली आले तेव्हा आबा परत गेलेले होते. मला स्वतःचा इतका राग कधी आला नव्हता.

पाहुणे पावणेतीनला आले. घाई होती, पुढे आणखी दोन कार्यक्रम होते. घाटासमोरची जलपर्णी फोटोपुरती काढलेली, मंडपाएवढ्या चौकोनात. ट्रॉली मागे घेतली, नाव पाण्यात सरकली. डीजे वाजला, फुलं पडली. पाहुणे, तात्या आणि अजून चौघे, त्यातला एक बिनतारी माईक घेऊन, आत चढले. वल्हं ज्याच्या हातात होतं त्याला ते कसं धरायचं हे माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ते फोटोसाठी उभं धरलं.

पहिले काही क्षण नाव सुंदर दिसली, हे मला लिहिलंच पाहिजे.

मग पाहुण्यांनी एक पाय उचलला. मग दुसरा. मग तात्या खाली बघायला लागले. पाणी फटींतून गुपचूप नव्हे, कारंज्यासारखं येत होतं. "माघारी! माघारी घ्या!" कुणीतरी ओरडलं, पण घ्यायचं कुणी? तात्या दोन्ही हातांनी शेजारच्याला धरून म्हणत होते, "मला पवता येत न्हाई, मला पवता येत न्हाई!" नौका-वारसा समितीच्या अध्यक्षांनी हे माईकच्या अगदी जवळ सांगितलं. पाणी कमरेएवढंच होतं. सहा जण चालत बाहेर आले. नाव काठापासून दहा हातांवर, माळांसकट, तळाला जाऊन बसली. एलईडीची पट्टी पाण्याखाली थोडा वेळ लुकलुकत होती.

पाहुणे ओल्या बुटांनी गाडीत बसले आणि गेले. तात्या काठावर उभे राहून ओला सदरा पिळत होते.

"म्हातारा पंधरा दिस आधी सांगत व्हता!" ते ओरडले. "नाव बुडवायचं म्हनून! बुडवलं! आता ह्या लाकडाला पान्याचं तोंड दाखवायचं न्हाई. उद्या जेसीबी आना, बाहेर काढा, आन् चौकात बोल्ट मारून टाका!"

गर्दी पांगली. बुंदी घेऊन लोक घरी गेले. मी पायऱ्यांवर बसून होते, माझी परतीची गाडी चुकली होती. तेव्हा गेनू आबा आले. धोतर खोचलं, पाण्यात उतरले, बुडलेल्या नावेला हात लावला. मग काठावरचे दगड एकेक करून डाव्या हातानं उचलून त्यांनी नावेत ठेवायला सुरुवात केली.

"याड लागलं म्हाताऱ्याला," वरून कुणीतरी म्हणालं.

आबांनी दहा-बारा दगड ठेवले. जाताना माझ्यासमोर थांबले. त्या दिवसात पहिल्यांदाच बोलले. "बुडली शेवटी," ते म्हणाले. ते रागावलेले नव्हते. "आता पाच-सा दिस कोनी हात लावू नये, एवढंच."

मी भांडगावला पोचले तेव्हा अंधार पडून गेला होता. पुढचा आठवडा मी रोज वहिनीला फोन करत होते. सोमवारी जेसीबी आला नाही, तो कुणाच्या तरी शेततळ्यावर होता. मंगळवारी चालकाला ताप आला. बुधवारी डिझेल नव्हतं. गुरुवारी जेसीबीचा मालक 'निघालोच' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा 'निघालोच' हा शब्द ऐकून मला बरं वाटलं. "रविवारी नक्की येनार म्हनतोय," वहिनीनं शुक्रवारी सांगितलं. "मामंजी रोज सकाळी बघून येत्यात. म्हनत्यात, शनिवारी भरत्यात सा दिस."

रविवारी मी पुन्हा चौफुल्याला. पुन्हा अकरा माणसं, पुन्हा चहा. पुलापलीकडे दुधाचा टेंपोही नव्हता. मी चालायला लागले, मग एका मोटरसायकलवाल्या मामांनी सोडलं. घाटावर पोचले तेव्हा जेसीबी पाण्याच्या कडेला उभा होता आणि त्याचा हात पसरलेला. चालक बिहारकडचा, कंटाळलेला. "उठाऊँ क्या, चाचा?" तो विचारत होता. तात्या साखळी बांधणाऱ्यांना सूचना देत होते. आबा पाण्यात, नावेच्या आणि जेसीबीच्या मधे उभे होते.

माईक नव्हता. जेसीबीच्या आवाजात मला ओरडायला लागलं. "तात्या, चूक माझी आहे!"

सगळे वळले.

"आबांनी गावाचं नाव बुडवायचं म्हटलं नव्हतं. ही नाव. ही लाकडाची! बुडवून ठेवली की फुगते, मग गळत नाही. मला 'बुडवावी लागेल' असं लिहायला पाहिजे होतं. वेलांटी राहिली माझी. बघा, तुमच्या फोनवर अजून असेल."

तात्यांनी खिशातला मोबाईल काढला. बराच वेळ वर सरकवत राहिले. मग वाचलं, ओठ हलवत. पुन्हा वाचलं.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "ती नाव."

"ती नाव. ते नाव नाही."

"आन् मी त्यांना इचारलं, तर व्हय म्हनलं…" त्यांनी पाण्यातल्या आबांकडे बघितलं.

"तुमी इचारलं बुडवायचं का," आबा म्हणाले. "मंग न्हाई कसं म्हनू?"

कुणीतरी फस्सकन हसलं. तात्या हसले नाहीत. माझ्यावर ओरडले. "अगं मंग नीट लिवायचं ना! काय शिकवत्यात त्या कॉलेजात? मी हिथं चार रात्री झोपलो न्हाई! पाहुन्यांचं बूट…" मला रडू येत होतं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून ऐकून घेतलं.

"उठाऊँ क्या, चाचा?"

"थांब रे!" तात्या गरजले. मग आबांना म्हणाले, "च्या होईस्तवर देतो. वर आली तर आली. न्हाई तर चौक."

आबांनी दगड काढायला सुरुवात केली. मी चपला काठावर ठेवून पाण्यात उतरले, वहिनीही आली. पाण्याला वास होता, पायाला जलपर्णीची मुळं लागत होती. साखळी बांधायला आलेले दोघे न सांगता मदतीला लागले. साखळी बांधायला आलेले दोघे न सांगता मदतीला लागले. मग डबे आणि बादल्या घेऊन उपसायला लागलो. चहा आला, कुणी घेतला नाही. पाणी बाहेर टाकत होतो तेवढंच आत येतंय असं मला सारखं वाटत होतं. मग कधीतरी आबांनी हात वर केला.

"बस. थांबा."

सगळे थांबले. नाव हलत होती. तळाला चार बोटं पाणी होतं आणि ते वाढत नव्हतं. मी खाली वाकले. त्या दिवशी ज्या फटीतून ऊन दिसलं होतं, तिथे आता नखही जात नव्हतं. रंगाचे पोपडे मात्र निघाले होते, भगव्याखालून काळं लाकूड दिसत होतं.

"कुठली गं तू?" आबांनी विचारलं, जणू आजच भेटलो होतो.

"भांडगावची."

"मंग पुलावरनं कशाला जातीस? बस. पल्याड उतरलीस की सरळ केडगावची वाट हाय." मग काठाकडे वळून म्हणाले, "तात्या, तुमी बी चला. ह्या बारीला कुठलंच नाव बुडत न्हाई."

तात्यांनी पाण्याकडे बघितलं, जेसीबीकडे बघितलं. "पुढच्या खेपंला," ते म्हणाले. मग जेसीबीवाल्याला हातानंच 'जा' अशी खूण केली.

डाव्या हातानं लांब बांबू तळाला रेटत आबांनी नाव सोडली. वहिनी वल्ह्यावर, मी मधे, हातात पत्र्याचा डबा, कारण थोडं पाणी येतच होतं. जलपर्णी पुढे दाटली की आबा बांबूनं ती बाजूला सारत आणि आमच्यामागे ती पुन्हा मिटत होती. मधोमध मोकळं पाणी लागलं, आणि मला पहिल्यांदा भीमा दिसली. आबांनी ओंजळभर पाणी घेऊन नावेच्या टोकावर सोडलं. घाटावर तात्या अजून उभे होते, हात कपाळाशी धरून.

पल्याडच्या काठाला टेकायला बारा मिनिटं लागली. सकाळी यायला मला तीन तास वीस मिनिटं लागली होती. इतके दिवस मी जीपवाल्यावर, टेंपोवर, शिक्रापूरच्या चौकावर चिडत होते, आणि मधली वाट सहा वर्षं लिंबाखाली उपडी पडलेली होती. ती उघडायला एक नीट वाक्य हवं होतं, तेही मीच लिहायचं होतं. माझ्या घरात मी पहिली शिकलेली. लोक मला लिहायला सांगतात, कारण लिहिलेलं मानतात. तेव्हापासून काही पाठवण्याआधी मी ते दोनदा वाचते.

आबांनी नाव वळवली. माघारी जाताना मधल्या पाण्यातून ओरडले, "तात्यांना कळीव गं! न्हाई तर तिथंच उभं ऱ्हातील!"

ग्रुप त्यांनी पुन्हा सगळ्यांसाठी उघडला होता. मी केडगावच्या वाटेवर बाभळीखाली थांबून लिहिलं, 'नाव पोचली.' पाठवण्याआधी वेलांटी तपासली.

केडगावचं स्टेशन दिसायला लागलं तेव्हा तात्यांचं उत्तर आलं. 'वाचलं.' मग जरा वेळानं आणखी एक, फक्त मला: 'कॉलेजला लिहिशील तेव्हा गावाचं नाव घालू नको बाळा.'

म्हणून ते घातलेलं नाही.